तिसऱ्या कडव्यातली ठेच

टोमॅटो निवडत होते तेव्हा ते झालं. म्हणजे खरं तर काहीच झालं नाही, आणि तेच झालं. दुकानात छतातून नेहमीसारखं गाणं पाझरत होतं आणि माझं लक्ष टोमॅटोंवर होतं, मार्चमधले टोमॅटो, रंगानं लाल आणि चवीनं पाणी, तरी माणूस दाबून बघतोच. गाणं ओळखीचं होतं. 'सोमवारचा सदरा'. कॉनी फे रड या गायिकेनं गाजवलेलं, पण आवाज कॉनीचा नव्हता, कुठल्यातरी कोवळ्या पोरीचा होता. कुणीतरी पुन्हा म्हटलंय, एवढंच मनात आलं. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतंच. तिसरं कडवं आलं. 'मी अजून तुझा सदरा धुते, अजून दोरीवर टाकते.' दुसऱ्या 'अजून'पाशी माझा गळा सवयीनं आवळला आणि गाणं मात्र सरळ पुढे निघून गेलं. थांबलं नाही, तुटलं नाही. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं झालं. मी टोमॅटोंच्या ढिगाला धरून उभी राहिले. चार टोमॅटो गडगडत गेले. ते उचलायला आलेली बाई म्हणाली, "मावशी, बरं आहे ना? बसता का जरा?" मी म्हटलं, "काही नाही गं, भाव बघून चक्कर आली." ती हसली. मला तोंड आहे, ते कुठल्याही प्रसंगी चालतं. आतलं कुणाला दिसत नाही ते त्या तोंडामुळेच.

सामान तिथंच टाकून मी गाडीत जाऊन बसले. बराच वेळ किल्ली फिरवली नाही. नॅशव्हिलमध्ये एक बरं असतं, पार्किंगमध्ये गाडीत बसून रडणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, गावातली निम्मी माणसं गाणी लिहायला आलेली आहेत आणि उरलेली निम्मी परत जायच्या तयारीत. पण मी रडत नव्हते. मी ते कडवं स्वतःशी म्हणून बघत होते, त्या पोरीसारखं, सरळ. जमेना. एक्केचाळीस वर्षं त्या जागेवर ठेच आहे, आवाज तिथं क्षणभर अडखळून मोडतो. गावात तिला नावच ते पडलंय, ठेच. कॉनी फेच्या रेकॉर्डवर आहे, कॉनी फेनंतर आलेल्या टेक्सासच्या त्या दारुड्या आवाजाच्या बुवानं घेतली, टीव्हीवर शाळेतल्या चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलं तेव्हा चाळीसही पोरं तिथं एकदम ठेचकाळली. दाताच्या डॉक्टरकडे नुसतं व्हायोलिनवर वाजतं, त्यात व्हायोलिनही तिथं आवंढा गिळतं. आमच्याकडे वादकांपुढे स्वरलिपी नसते, कागदावर आकडे असतात, कुठला सूर कितव्या घराचा ते सांगणारे. 'सोमवारचा सदरा'च्या कागदावर तिसऱ्या कडव्यात एक रिकामा चौकोन असतो. तिथं सगळी वाद्यं अर्धी मात्रा थांबतात. नवीन वादकानं विचारलं की हे काय, तर जुना म्हणतो, तिथं थांबायचं असतं. का ते त्यालाही माहीत नसतं. देवळातल्या मांजराची गोष्ट आहे, पोथी वाचताना मांजर बांधायचं, कारण गुरुजी बांधत होते.

ती ठेच माझी आहे. म्हणजे माझ्या गळ्यातली. हे गावात पाच-सात म्हाताऱ्यांना माहीत आहे आणि त्यातले तीन आता मेलेत. तेव्हा मी डेमो गायची. गाणं लिहिणाऱ्यानं गाणं लिहिलं की आम्हाला बोलावायचे, पाच वादक आणि एक गळा, तीन तासांत पाच गाणी उरकायची, टेप मोठ्या गायिकेकडे जायची आणि ती गाडीत घालून पाठ करायची. नाव तिचं, गळा तिचा, पण कुठं श्वास घ्यायचा ते आमचं. कॉनी फे तर भलतीच प्रामाणिक विद्यार्थिनी. मी नाक ओढलं असतं तरी तिनं ओढलं असतं. याचं मला वाईट वाटत नव्हतं. माझे वडील ज्या चर्चमध्ये गाणं चालवायचे तिथं वाद्याला बंदी होती, नुसते गळे, आणि चार गळ्यांत आपला वेगळा ऐकू आला तर ते पाप. तिथं घडलेल्या मुलीला नाव नसल्याचं काय वाटणार? माझ्या नवऱ्याचं, होइटचं वाद्य म्हणजे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं स्टील गिटार, ते रडतं तसं दुसरं कुठलं वाद्य रडत नाही, वडील त्याला सैतानाची करवत म्हणायचे. लग्नात त्यांनी होइटला विचारलं होतं, "दुसरं काही येतं का?" होइट म्हणाला, "छत गळत असेल तर बघतो." आणि खरंच बघितलं. होइट तसाच आहे.

तर त्या मंगळवारी, ऑक्टोबर होता, तिसरं गाणं हे होतं. लिहिणारा पर्व्हिस क्लॅबो खिडकीपलीकडे उभा, घड्याळाकडे बघत. मला आठ महिने पूर्ण झालेले. उंच स्टुलावर बसवलं होतं, पोट मधे येतं म्हणून मायक्रोफोन वरून टांगला होता, आणि सगळे माझी थट्टा करत होते, दोघांचं गाणं आणि एकीचीच मजुरी. होइट काचेपलीकडे बसला होता, मान वाद्यावर. तिसऱ्या कडव्यात, दुसऱ्या 'अजून'वर, बाळानं पाय मारला. उजव्या बरगडीखाली, असा की माझा श्वासच निसटला आणि शब्द मधोमध मोडला. मी पुढे गात राहिले. गाणं संपल्यावर म्हटलं, पुन्हा घेऊ. पर्व्हिसच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "हात लावाल तर बघा. अगं पोरी, काळीज फाटल्यासारखं आलंय ते." वेळही नव्हता, आणखी दोन गाणी बाकी होती. होइटनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, काय झालं म्हणून भुवया उडवल्या. मी हात हलवला, काही नाही. पुढे मेजवान्यांमधून होइट सांगायचा, "काळीज कसलं फाटतंय, आदल्या रात्रीचं तिखट चिकन होतं ते!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

त्या लाथेनंतर बाळ हललं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही आणि कळायला हवं होतं, एवढ्या एका वाक्यात माझी एक्केचाळीस वर्षं आहेत. बुधवारी दोन ठिकाणी गाणं होतं, गुरुवारी एक. मी म्हटलं, झोपलंय. दुसरी गाणारी म्हणाली, शेवटी शेवटी जागा कमी पडते, हलत नाहीत फारसं. मला तेच ऐकायचं होतं. शुक्रवारी सकाळी अंघोळ करताना पोटावर पाणी घेतलं, गार पाणी घेतलं, थापट्या मारल्या, आणि मग होइटला हाक मारली. डॉक्टर म्हातारे होते. कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "शेवटची हालचाल केव्हा जाणवली?" होइट माझ्याशेजारी उभा होता, टोपी हातात. मी म्हटलं, "काल रात्री." का म्हटलं? मंगळवार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इतके दिवस काय करत होतीस? आणि उत्तर होतं, गात होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. होइटनं टोपी फिरवली. मुलगा होता. वडिलांच्या चर्चमागे लहानसा दगड आहे, त्यावर आमचं आडनाव आहे. दुसरं मूल झालं नाही. त्या विषयावर होइट आणि मी बोललो नाही. भांडलो नाही, टाळलं असंही म्हणता येणार नाही. घरात एखादी खोली बंद ठेवली की हळूहळू घरच तेवढं आहे असं वाटायला लागतं.

आणि पाच महिन्यांनी कॉनी फेचं गाणं आलं. सगळीकडे. पेट्रोल भरताना, केस कापताना, शेजारणीच्या ओट्यावर. प्रत्येक वेळी तिसरं कडवं, प्रत्येक वेळी तो पाय. पहिल्या वर्षी मी दुकानातून पळून यायची. मग एक दिवस पळाले नाही. मग वाट बघायला लागले. हे कुणाला सांगायची सोय नाही, वेडी म्हणतील, पण मला वाटायचं, पोराचं बरं चाललंय. कुठंतरी ओक्लाहोमात एखादा ट्रकवाला रेडिओ लावतो आणि माझं पोर तिथं पाय मारतं. माझी खोटी तारीख डॉक्टरांच्या कागदावर, पण खरी या गाण्यात, सगळ्या जगापुढे, आणि कुणालाच वाचता येत नाही. लपवायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. लोक रडायचे आणि मी मनात म्हणायची, रडा बाबांनो, तुम्ही रडताय तोवर मला मोकळीक आहे. आणि आता ही कोण कुठली पोरगी आली आणि तिनं ती जागा सपाट करून टाकली, बुलडोझरनं आमच्या गल्लीतली जुनी स्टुडिओची घरं सपाट केली तशी. आता हेच गाणं वाजणार. दुकानांत नवीनच वाजतं. पोरं म्हणतील, गाणं असंच आहे. एक दिवस कुठंच ठेच नसेल.

घरी आले तर होइट ओट्यावर बसून बोटांना गरम पाण्याची पिशवी लावत होता. बोटं आता वाकत नाहीत, स्टील सात वर्षं पेटीत आहे. "सामान कुठाय?" त्यानं विचारलं.

"विसरले."

"दुकानात जाऊन सामान विसरलीस? म्हणजे चर्चमध्ये जाऊन देव विसरण्यापैकी झालं."

"होइट, सदरा कुणीतरी नवा म्हटलाय. ठेच नाही त्यात."

तो हसला. "अखेर तिखट चिकन पचलं म्हणायचं." मग माझ्याकडे बघून हसणं थांबवलं आणि म्हणाला, "इतकं मनाला लावून घेतेस होय? अगं, चार दिवसांचं गाणं असतं. पुन्हा कुणीतरी ठेचकाळत म्हणेल."

मला त्याचा राग आला. उगीचच, कारण राग यायचं कारण मीच होते. त्या रात्री, दुसऱ्या रात्री, मी उजवी बरगडी धरून झोपले. दिवसा हातात काही टिकेना. मक्याचा पाव करपला, राजमा खारट झाला, होइटनं मुकाट खाल्ला. रेडिओ लावायची, बंद करायची. तिसऱ्या दिवशी रेडिओवरच कळलं, ती पोरगी, केंड्रा स्टँपर तिचं नाव, केंटकीच्या डोंगरातली, शनिवारी दुपारी पूर्वेकडच्या एका रेकॉर्डच्या दुकानात गाणार आणि सह्या देणार. मी होइटला म्हटलं, मला तिकडे सोड. तो म्हणाला, "तिला फटकवणार आहेस काय? म्हणजे मी इंजिन चालूच ठेवतो."

तो गाडीतच थांबला, त्याला उभं राहवत नाही. दुकानात साठ-सत्तर जण, निम्म्या मुली गुलाबी टोप्या घातलेल्या, कुणाच्यातरी लग्नाआधीचा धांगडधिंगा करायला गावात आलेल्या. पोरगी लहान चणीची, अंगावर आजोबाचा वाटावा असा कोट, हातात गिटार. तिनं ते गाणं शेवटी म्हटलं. मी डोळे मिटले नाहीत, तिच्या गळ्याकडे बघत होते. तिसऱ्या कडव्यात तिनं पहिला 'अजून' म्हटला, दुसरा म्हटला, सरळ, आणि त्या सरळपणात असं काही होतं की गुलाबी टोप्यासुद्धा गप्प झाल्या. चांगली गात होती. हे मला आवडलं नाही. वाईट गात असती तर सोपं झालं असतं.

रांगेत माझा नंबर आला. तिनं पेन उचललं. "नाव काय घालू, मॅम?"

"नाव नको. एक विचारायचंय. तिसऱ्या कडव्यातली ठेच का काढलीस?"

वाटलं होतं ती हसून उडवील, किंवा मालकांनी सांगितलं म्हणेल. तिनं पेन खाली ठेवलं. "पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं," ती म्हणाली. "आधी मी घेत होते, मॅम. सगळेच घेतात. एकोणीस जणांचं ऐकलं मी, एकोणीसही तिथंच. मग आमच्या आजीला म्हणून दाखवलं. आजीनं दोन नवरे पुरलेत. ती म्हणाली, हे कुणाचं रडणं आहे? मी म्हटलं, माझंच की. ती म्हणाली, खोटारडे, तुझं असतं तर दर वेळी दुसऱ्या जागी आलं असतं. दुसऱ्याच्या घरातून आणलेलं दिसतंय, ठेवून ये."

"आणि?"

"आणि ठेवून आले." ती जरा लाजली. "कुणाचं होतं ते शोधायला गेले, पण कॉनी फेच्या मागे काही सापडेना. तिचं असेल तर तिचं."

"तिचंही नव्हतं," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

ती पुढे झुकली. "मग कुणाचं? तुम्हाला माहीत आहे, मॅम?"

सगळं तोंडाशी आलं होतं. एक्केचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि ही विचारत होती, आणि मला दिसत होतं, हिला सांगितलं तर ही नीट ऐकेल, रडेलही, आणि त्या रडण्याचं काही चुकणार नाही. पण बाहेर गाडीत होइट बसला होता. पहिल्यांदा ऐकायचा हक्क त्याचा. हिला आधी सांगणं म्हणजे त्याच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलण्यासारखं झालं असतं. मागची बाई खाकरली. मी पोरीच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "आजीला माझा नमस्कार सांग. शहाणी आहे." आणि बाहेर पडले. दारापर्यंत जाताना मला कळत होतं की सपाट वगैरे कुणी काही केलेलं नाही. जग इतकी वर्षं माझं ओझं वाहत होतं आणि पहिल्यांदा कुणीतरी ते दारात आणून ठेवलं होतं. ते उचलून आत घ्यायला दोन माणसं लागणार होती.

होइटनं इंजिन खरंच चालू ठेवलं होतं. "कोण जिंकलं?" त्यानं विचारलं. मी पट्टा लावला. आम्ही नदीवरचा पूल ओलांडला. मी समोर बघतच म्हटलं, "होइट, ती ठेच म्हणजे पाय होता. त्यानं पाय मारला होता. आणि तो शेवटचा. डॉक्टरांना मी 'काल रात्री' असं सांगितलं ते खोटं होतं. मंगळवार होता. बुधवार, गुरुवार मला कळलं नाही, कळून घेतलं नाही, मी गात होते."

तो गाडी चालवत राहिला. आमचं वळण गेलं. पुढचं गेलं. टायरच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत त्यानं गाडी घेतली आणि बंद केली. मला वाटलं, आता म्हणेल. जे काही म्हणायचं असेल ते म्हण, सगळं माझं आहे, अशी मी हात मांडीवर ठेवून बसले. त्याचे हात स्टिअरिंगवर होते, न वाकणाऱ्या बोटांनी ते धरता येत नाही, नुसतं दाबता येतं.

"मंगळवार," तो म्हणाला.

"मंगळवार."

"गुरुवारी नव्हे."

"नाही."

"गुरुवारी संध्याकाळी," तो म्हणाला आणि थांबला, घसा साफ केला, "गुरुवारी संध्याकाळी मी तुला माझ्या भावाकडे नेलं होतं. पाळणा आणायला. तू नको म्हणत होतीस. तो खडीचा रस्ता होता आणि त्या गाडीला स्प्रिंगच उरल्या नव्हत्या, दोनदा तर आपलं डोकं छताला लागलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी तू डॉक्टरांना म्हणालीस, काल रात्री."

मी त्याच्याकडे वळले. तो समोर टायरच्या ढिगाकडे बघत होता.

"होइट," मी म्हटलं. माझ्या एका शब्दानं मी वाचले असं मला वाटत होतं आणि तो शब्द या माणसानं घरी नेला होता, टोपीबरोबर, आणि चिकनचे विनोद करत एक्केचाळीस वर्षं त्याखाली राहिला होता. माझ्याजवळ निदान गाणं होतं. त्याच्याजवळ खडीचा रस्ता होता.

"नक्की मंगळवार?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सकाळचे अकरा वाजून गेले होते. तू समोर होतास. तू भुवया उडवल्यास."

"उडवल्या," तो म्हणाला. "आठवतं मला." समोर एक माणूस टायर लोटत आत नेत होता. होइटनं आपला उजवा हात स्टिअरिंगवरून सोडवला आणि तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना. मी तो घेतला आणि बरगडीखाली, जिथं लागलं होतं तिथं ठेवला.

"इथं," मी म्हटलं.

त्यानं हात तसाच ठेवला आणि विचारलं, "जोरात होता?"